दादासाहेब फाळके : संकेत मोडणारे की मांडणारे?

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागले, की पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक लागते. लेणी पाहून उतरलेला पाहुणा तेथे घटकाभर विसावतो, मुले बागेत हुंदडतात, आणि मंडळी पुढच्या प्रवासाला लागतात. फाळक्यांविषयी आपल्या सर्वांना ठाऊक असलेली माहिती साधारण एवढ्याच अवधीत सांगून होते. जन्म त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७०. 'राजा हरिश्चंद्र' हा पहिला चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. देहावसान नाशिकला, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो, हेही आपण जाणतो.

'भारतीय चित्रपटाचे जनक' या त्यांच्या बिरुदाविषयी मला काही म्हणावयाचे नाही. पण त्याच्या शेजारी आणखी एक बिरुद हळूच येऊन बसले आहे. फाळके म्हणजे बंडखोर, सारे संकेत धाब्यावर बसविणारा कलावंत! जयंतीच्या भाषणांत हे वाक्य हटकून येते. २००९ साली परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट आला, आणि त्यातल्या खेळकर, हट्टी, सगळे घर पणाला लावणाऱ्या फाळक्यांनी घरोघर लोकांची मने जिंकली. तो चित्रपट गोडच आहे. पण तो पाहून उठलेला प्रेक्षक 'या माणसाने सगळे मोडून नवे केले' असे म्हणत उठतो, आणि तेथे मात्र इतिहासाला थोडे खाकरावेसे वाटते.

संकेत मोडला असे म्हणावयाचे तर तो संकेत आधी असावा लागतो. ज्या रानात पायवाटच नाही, तेथे वाट सोडून चालल्याचे श्रेय कोणाला द्यावयाचे? १९१३ साली चित्रपट नावाची वस्तू आपल्याकडे येऊन उणीपुरी सतरा वर्षे झाली होती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दिसली. पुढे सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, एक कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हाचे त्यांचे स्वागतही टिपले. ही झाली घडलेल्या प्रसंगांची चित्रे. गोष्ट सांगण्याचा खटाटोप १९१२ साली दादासाहेब तोरण्यांनी केला. त्यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी, म्हणजे 'हरिश्चंद्रा'च्या जवळजवळ एक वर्ष आधी, त्याच कॉरोनेशनमध्ये झळकला. मात्र ते होते रंगलेल्या नाटकाचे चित्रण. कॅमेरा चालविणारा परदेशी, फिल्म धुतली गेली लंडनला. पहिला मान कोणाचा, हा वाद त्यावरून अजून अधूनमधून उकरला जातो. मला त्या वादात रस नाही. मला 'पुंडलिक' आणि 'हरिश्चंद्र' शेजारी शेजारी ठेवून एकच विचारावयाचे आहे: नाटकाचा संकेत फाळक्यांनी तरी कितपत मोडला?

'हरिश्चंद्रा'चा जो थोडा भाग आज उरला आहे तो पाहावा. (तोही १९१३ चा, की फाळक्यांनी १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली तेव्हाचा, याबद्दल जाणकारांत एकमत नाही.) आरंभी राजा, राणी आणि बाळ रोहिदास दिसतात. राजा मुलाला धनुर्विद्येचा पाठ देतो आहे. पाहताक्षणी आपल्या आजीच्या देवघराबाहेर टांगलेल्या तसबिरीची आठवण होते, आणि ती उगाच होत नाही. रविवर्म्याच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यासाठी फाळक्यांनी काम केले होते. देवादिकांची ती चित्रे दगडावर चढवून कागदावर उतरविण्याची विद्या त्यांच्या बोटांत होती. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याचा छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छापखाना, तिरंगी छपाईसाठी जर्मनीची वारी: चाळिशी गाठेपर्यंत हा मनुष्य चित्र या एकाच गोष्टीभोवती फिरत होता. त्याच्या हाती कॅमेरा आल्यावर त्याने तसबीर हलविली, हे स्वाभाविक झाले. पात्रे आपल्याकडे तोंड करून उभी राहतात, पूर्ण उंचीची दिसतात, डावी-उजवीकडून येतात-जातात. कॅमेरा नाट्यगृहातल्या पहिल्या रांगेतल्या सभ्य गृहस्थासारखा जागचा हलत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत ग्रिफिथ काय करीत होता? धावणारा आणि पाठलाग करणारा यांची दृश्ये तो आळीपाळीने जोडत होता, चेहरा जवळ आणून डोळ्यांतले पाणी दाखवीत होता. पुढे जगभर जे चित्रपटाचे व्याकरण म्हणून शिकविले गेले, त्याची बाराखडी तो गिरवीत होता. त्या मापाने मोजले तर फाळके मागे पडतात, हे मान्य करावयास आपल्याला संकोच वाटू नये. पण ते माप त्यांना लावावे काय? ग्रिफिथच्या प्रेक्षकाला पुढे काय होणार ते ठाऊक नसे. तो खुर्चीच्या कडेवर बसलेला असे. फाळक्यांच्या प्रेक्षकाला हरिश्चंद्राचे पुढे काय होते ते पाळण्यात असल्यापासून माहीत. तो कथा ऐकावयास आला नव्हता; कीर्तनाला जसे आपण आख्यान पाठ असूनही जातो, तसा तो पाहावयास, खरे म्हणजे दर्शनाला आला होता. दर्शन समोरूनच घ्यावयाचे असते. 'लंकादहना'त पडद्यावर प्रभू रामचंद्र दिसताच लोक दंडवत घालीत, असे सांगतात. जो देव पाठमोरा आहे, त्याला कोणी दंडवत घालीत नाही. म्हणजे येथे फाळक्यांनी संकेत मोडला नाही. कीर्तनाचा, तसबिरीचा आणि नाटकाचा असे तीन जुने संकेत उचलून एका नव्या यंत्रात बसविले. ही कामगिरी लहान नाही. पण तिला बंड म्हणणे म्हणजे सुताराला लाकूडतोड्या म्हणण्यासारखे आहे.

मग त्यांनी मोडले काय? मोडले, ते घरात आणि समाजात. आपल्या उत्सवी भाषणांत नेमका हाच भाग चुटक्यांसाठी वापरतात, म्हणून तो थोडा सविस्तर पाहणे भाग आहे.

त्र्यंबकेश्वरच्या एका संस्कृतज्ञ शास्त्र्याचा हा मुलगा. वडिलांची अपेक्षा मुलाने पोथी पुढे चालवावी अशीच असणार. मुलगा शिकला चित्रकला, छायाचित्रण आणि जादूचे खेळ. पुढे 'ख्रिस्ताचे जीवन' हा परदेशी चित्रपट पाहताना त्याच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. ही हकिकत त्यांनी स्वतःच 'नवयुग' मासिकातल्या लेखमालेत सांगितली आहे. मग झोप उडाली, डोळ्यांवर ताण पडून काही काळ दृष्टी गेली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाची ओळख काढली, त्याच्या शब्दावर सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यम्सन कॅमेऱ्याची खरेदी ठरविली, आणि दोन महिन्यांच्या आत परत! भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी काय चित्रित केले, तर कुंडीतला वाटाणा. रोज थोडे थोडे टिपून, एका बीचा वेल होताना दाखविला. पेढीवरच्या माणसाला हिशेबाची वही दाखविण्याऐवजी उगवणारा वेल दाखवावा, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या डोक्याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

दादरच्या त्या घरात सरस्वतीबाई काय करीत होत्या, ते आपल्या गृहिणी वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. कोरी फिल्म तेव्हा कडेची भोके न पाडलेली येई. ती भोके अंधारात, हाताने यंत्र चालवून पाडावी लागत. ते काम बाईंचे. उन्हात चित्रण चाले तेव्हा प्रकाश परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उभे राहावयाचे, तेही त्यांचे. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होताच. तारामतीची भूमिका तेवढी त्यांनी नाकारली, असे सांगतात. मग बाकीचे सारे कोण करणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता म्हणे. १९१२ साली एका ब्राह्मण कुटुंबातली बाई कारखान्याच्या तंत्रकामात अशी उभी राहते, हा मोडलेला संकेत खरा. त्यासाठी कोणी पुरस्कार ठेवलेला माझ्या ऐकिवात नाही.

आणि तारामती? स्त्री-भूमिकेसाठी बाई मिळावी म्हणून फाळक्यांनी जाहिराती दिल्या, अगदी बदनाम वस्तीतही विचारून पाहिले. तेथूनही नकार आला. त्या काळी चित्रपटात काम करणे हे त्याहूनही कमीपणाचे ठरत होते. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातला अण्णा साळुंखे नावाचा स्वयंपाकी त्यांच्या नजरेत भरला: नाजूक बांधा, लांब बोटे. दहाचे पंधरा रुपये पगारावर अण्णा तारामती झाले. दुसऱ्या पुरुषांच्या मिशा काढवितानाही पंचाईत, कारण बाप जिवंत असता मिशी उतरविणे हा अपशकुन. कंपनीतल्या लोकांना कोणी विचारलेच, तर 'आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहो' असे सांगा, अशी शिकवण होती. फॅक्टरी म्हटले की अब्रू राहते!

१९१३ सालीच फाळके नाशिकला आले. जन्मभूमीची ओढ असेलच, पण व्यवहारही होता. गोदावरीचे घाट, देवळांची शिखरे, भोवतालचे डोंगर आणि सालभर भरपूर ऊन असा सारा देखावा येथे फुकट उभा होता. येथे त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' केला, आणि त्यात ती मोठी गोष्ट घडली. नाटकाच्या धंद्यातल्या दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला मोहिनी झाली. भारतीय चित्रपटातल्या या पहिल्या स्त्रिया. ही कमला म्हणजे पुढे रंगभूमी आणि चित्रपट गाजविणाऱ्या कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांच्या त्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. नाशिककरांनी अभिमान बाळगावा असा हा प्रसंग आहे, आणि वक्ते नेमके येथे टाळ्या घेऊन थांबतात.

थांबू नये. चार वर्षे पुढे जावे. १९१७ साली 'लंकादहन' आला. फाळक्यांच्या आयुष्यातले हे सर्वांत झगझगीत यश. मुंबईत सकाळी सातपासून मध्यरात्र उलटेपर्यंत खेळ होत. मद्रासेकडे तर गल्ल्यातली नाणी पोलिसांच्या बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे. या चित्रपटात सीता कोण? अण्णा साळुंखे. राम कोण? तेही अण्णा साळुंखे! सीतेचे दंड जरा पिळदार दिसतात, असे काही चोखंदळ प्रेक्षक कुजबुजलेही म्हणतात. पंचवटीच्या इतक्या जवळ, रामसीतेच्या या गावात, एकच माणूस दोन्ही होऊन पडद्यावर उभा राहिला आणि लोकांनी त्या दोघांपुढेही हात जोडले.

आता सांगा, हा संकेत फाळक्यांनी मोडला होता ना? मग चार वर्षांत ते पुन्हा त्याच वाटेवर कसे आले? माझे उत्तर सरळ आहे. त्यांनी तो तत्त्व म्हणून मोडलाच नव्हता. दुर्गाबाई मिळाल्या तेव्हा बाई घेतली. पुढे हाताशी अण्णा होते, तेव्हा अण्णा. फाळके सुधारक नव्हते, कारागीर होते. कारागिराला काम तडीस न्यावयाचे असते. त्या भरात एखादी रूढी आडवी आली तर ती मोडते, नाही आली तर तिच्याच खांद्यावर हात ठेवून तो पुढे जातो. जे बंड आपण त्यांच्या कपाळी लिहितो, ते त्यांनी स्वतः कधी मागितले नव्हते.

दिवाळीचे दिवस आहेत, म्हणून एक गमतीचा हिशेब. सुरतेला 'हरिश्चंद्र' गेला तेव्हा लोक येईनात. तेथल्या रसिकांना तेवढ्याच पैशांत सहा-सहा तास नाटक पाहण्याची सवय. हा तासाभराचा खेळ त्यांना महाग वाटला. फाळक्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे तीन आण्यांत! मग गर्दी लोटली. आता 'राजा हरिश्चंद्र' होता सुमारे ३,७०० फुटांचा. एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे एकूण ५९,२०० भरतात. तेव्हा सत्तावन्न हजार हा आकडा प्रामाणिक, उलट थोडा कमीच. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! मूळ लांबीच्या जवळजवळ तिप्पट. स्वप्नात दिलेला शब्द पाळण्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाच्या नावावर ही थाप खपून गेली, आणि मापपट्टी घेऊन कोणी विचारावयास आले नाही.

ही जाहिरात हसण्यावारी न्यावी अशी आहे, पण तिच्यात एक गोष्ट दडलेली आहे. फाळके प्रेक्षकाला काय सांगत होते? 'ही छायाचित्रे आहेत' असे. देवाची लीला, सत्त्वाची परीक्षा, डोळ्यांचे पारणे, हे सगळे बाजूस ठेवून त्यांनी मोजून दाखविले की हा पदार्थ कशाचा बनला आहे. येथून मला फाळक्यांच्या खऱ्या वेगळेपणाची वाट सापडते.

जादूगाराचा पहिला नियम कोणता? हातचलाखी दाखवावयाची, पण सांगावयाची नाही. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत. आपल्याच आडनावाची अक्षरे उलटसुलट करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव त्यांनी घेतले होते, आणि त्या नावाने जादूचा एक लघुपटही काढला. चित्रपटातली जादू तर त्यांच्या हातचा मळ. 'श्रीकृष्णजन्मा'त कंसाला आपलेच शिर धडावेगळे होऊन वर तरंगताना दिसते. 'लंकादहना'त मारुती उडतो. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तेथल्या जाणत्यांनी वाखाणले ते हे कसब. तेथेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली, पण ते परतले. फ्रान्समधला जॉर्ज मेलिएस हा त्यांचा या कलेतला वडीलबंधू. तोही आधी रंगमंचावरचा जादूगार. मेलिएसनेही माणसांची डोकी उडविली, चंद्रावर स्वाऱ्या केल्या. पण मेलिएस काय आणि दुसरा कोणी काय, जादूगार आपली पेटी उघडून दाखवीत नसतो.

फाळक्यांनी ती उघडली. १९१७ साली त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा छोटा चित्रपट काढला. त्याचा काही भाग आज उपलब्ध आहे. त्यात फाळके नटांना अभिनय समजावून सांगताना दिसतात, फिल्म हातात घेऊन काम करताना दिसतात. जी विद्या मिळविण्यासाठी त्यांनी घर गहाण टाकण्याची पाळी आणली, डोळे गमावण्याची जोखीम घेतली, ती त्यांनी तीन आण्यांच्या प्रेक्षकापुढे उलगडून ठेवली. आपल्याकडे विद्या राखून ठेवण्याची परंपरा केवढी! वैद्य मात्रा सांगत नाही, गवई चीज शेवटच्या कडव्यापर्यंत शिकवीत नाही, सोनार तर डाग देताना पाठ करून बसतो. अशा देशात, अशा काळात, एका धंदेवाल्या माणसाने आपला धंदा जाहीर करावा!

याहून मोठा नमुना १९१९ च्या 'कालियामर्दना'त आहे. तोवर नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली होती. १ जानेवारी १९१८ रोजी, वामनराव आपटे आदी भागीदारांसह. कृष्णाच्या भूमिकेत दादासाहेबांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी. सुदैवाने हा चित्रपट बऱ्याच अंशी टिकला आहे, तेव्हा कोणाच्या सांगण्यावर विसंबावयास नको. पडदा उजळतो आणि कथा सुरूच होत नाही. आधी प्रेक्षकाला सांगण्यात येते, की एका सात वर्षांच्या मुलीचे मुखभाव पाहा. मग ती छोटी मुलगी, मोरपीस नाही, मुकुट नाही, आपल्याकडे पाहत हसते, रुसते, रागावते, घाबरते. कोणाच्याही घरात परकर नेसून फिरणारी पोर. आणि आपण तिला पुरते ओळखले, एवढ्यात त्याच चेहऱ्यावर दुसरे चित्र उमटते. पोर विरते आणि बाळकृष्ण उभा राहतो.

या दृश्याचा जितका विचार करावा तितके ते खोल वाटू लागते. नाटकात नट रंगपटातून रंगून येतो; रंग उतरलेला राम प्रेक्षकाला दिसू नये म्हणून कंपन्या केवढी काळजी घेत. जो प्रेक्षक पडद्यावरच्या रामाला दंडवत घालीत होता, त्याच प्रेक्षकाला फाळके म्हणतात, पाहा, ही माझी मुलगी आहे, आणि आता हा तुमचा देव आहे. लोकांचा भाव आटेल अशी भीती त्यांना वाटली नाही. आणि आटला नाहीच. पुढे ती चिमुरडी यमुनेच्या डोहात कालियाशी झुंजते, त्याच्या फण्यावर नाचते, आणि काठावरच्या गोकुळाबरोबर नाट्यगृहातल्या आयाबहिणींचाही जीव टांगणीला लागतो. आई-आजीने घरातल्याच पोराला कृष्ण सजवून गोकुळाष्टमीला उभे करावे आणि मग स्वतःच त्याच्या पाया पडावे, ही आपली जुनी रीत. ती त्यांनी पडद्यावर आणली असे कोणी म्हणेल. म्हणोत. पण रंगभूमीचा आणि जादूगाराचा, दोघांचाही पहिला नियम तेथे मोडला गेला, आणि तो जाणूनबुजून मोडला गेला. अण्णा साळुंखे तारामती झाले ते निरुपायाने. मंदाकिनीचा उघडा चेहरा तेथे ठेवण्याची सक्ती कोणीही केली नव्हती.

मात्र यानंतरची हकिकत तितकी सुखाची नाही. खर्चावरून भागीदारांशी खटके उडाले आणि दादासाहेब कंपनी सोडून काशीला गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमि' नावाचे नाटक लिहिले, तत्कालीन नाट्यव्यवसायावर टीका करणारे. १९२२ च्या सुमारास ते कंपनीत परतले, चित्रपटांमागून चित्रपट काढीत राहिले. त्यांच्या नावावर एकूण सुमारे पंच्याण्णव मोठे चित्रपट आणि सव्वीस लघुपट सांगतात. पण तोवर जी वाट त्यांनी पाडली होती तिचा राजरस्ता झाला होता, आणि राजरस्त्यावरून चालण्याचा दुसऱ्यांना कंटाळा येऊ लागला होता. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्यातल्या स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. भीमाने केलेला कीचकवध इतका खरा वाटला की तो भाग कापावा लागला. १९२५ साली त्याच बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. देव नाही, राजा नाही, चमत्कार नाही. कर्जात जमीन गमावून शहराच्या गिरणीकडे निघालेला शेतकरी. तो शेतकरी झाला होता एक तरुण, शांताराम वणकुद्रे नावाचा. पौराणिक चित्रपटाचा जो संकेत फाळक्यांनी मांडला होता, तो येथे मोडला गेला. म्हणजे मोडण्याजोगा संकेत या देशात आता कोठे तयार झाला होता, आणि तो तयार करणारे फाळके होते!

स्वतः फाळक्यांना तो मोडता आला नाही. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' तयार झाला होता मूक. त्यात मागाहून आवाज भरावा लागला. रामाचा सेतू बांधून होईतो समुद्रच सरकला म्हणावयाचा. बोलपटाला जो पैसा, जे यंत्र आणि जी माणसे लागतात, ती नाशिकच्या आवारात नव्हती. शिवाय दादासाहेब साठी ओलांडलेले. अशा वेळी कोल्हापूरहून बोलावणे आले आणि त्यांनी आपला एकुलता एक खरा बोलपट केला, 'गंगावतरण'. साल १९३७, वय सदुसष्ट.

त्याच १९३७ सालात 'सावकारी पाशा'तला तो तरुण शेतकरी, आता प्रभातचा व्ही. शांताराम, 'कुंकू' घेऊन आला. त्यात शांता आपटे म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा म्हणावयाचे नाकारते. त्यात पार्श्वसंगीत नाही. दृश्यात जे वाजते तेवढेच ऐकू येते, घड्याळाचे टोले आणि ग्रामोफोन. लोक 'कुंकू' पाहावयास धावले. आणि तिकडे कोल्हापुरात पांढऱ्या केसांचे फाळके भगीरथाच्या तपाला अजून एक युक्ती शोधीत होते: शंकराच्या जटेतून पाणी उतरवावयाचे कसे, कॅमेरा कोठे ठेवावयाचा, किती चित्रे मोजून फिल्म मागे फिरवावयाची. हा प्रश्न त्यांच्या पूर्ण परिचयाचा होता. गोदावरीला गंगाच म्हणणाऱ्या गावांत त्यांचा जन्म गेला होता. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर तिच्या अवतरणाची कथा प्रत्येक मूल ऐकते, आणि नाशकात आजही माणसे नदीवर जात नाहीत, गंगेवर जातात. 'गंगावतरण' पुरा करून दादासाहेब परत आले ते त्याच गंगेच्या काठी. पुढची सहा-सात वर्षे त्यांनी तेथेच काढली. चित्रपट मात्र पुन्हा काढला नाही.